टाच आधी टेकली

माझी मुलगी निलू नऊ महिने अठरा दिवसांची असताना पहिल्यांदा चालली. तेव्हा मला आनंद झाला नव्हता, हे कबूल करायला मला पुढे बरेच दिवस लागले.

ती चालणार हे आम्हाला आदल्या दिवशीच कळलं होतं. माझ्या नवऱ्याच्या, मन्मथच्या फोनवर संदेश आला होता: उद्या दुपारी चार ते सहाच्या दरम्यान पहिलं स्वतंत्र पाऊल, शक्यता एक्क्याण्णव टक्के. म्हणून शनिवारी औसा रोडवरच्या आमच्या फ्लॅटमध्ये चौदा माणसं जमली. नणंद उदगीरहून आली. मन्मथचे क्लासमधले दोन सहकारी बायकांना घेऊन आले. माझ्या सासूबाईंनी, त्यांना घरात सगळे अव्वा म्हणतात, पातेलंभर हुग्गी केली. गव्हाची ती खीर खाऊन माणसं सुस्तावली होती, तेवढ्यात चार वाजून वीस मिनिटांनी निलूने सोफ्याची कड सोडली आणि सहा पावलं टाकून ती बापाच्या हातात गेली.

मी जमिनीवर बसले होते म्हणून मला तिचे पाय दिसले. बाकी सगळे तिच्या चेहऱ्याकडे बघत होते, किंवा फोनमधल्या तिच्या चेहऱ्याकडे.

निलूची टाच आधी टेकली. मग चवडा, मग अंगठा. सहाही पावलांना तसंच.

मी फिजिओथेरपिस्ट आहे. माणसं कशी चालतात हे बघणं हा माझा अकरा वर्षांचा धंदा आहे. नव्याने चालणारं मूल टाच टेकवत नाही. ते सबंध तळवा आपटतं, पाय फाकवतं, दोन्ही हात खांद्यांच्या वर धरतं आणि प्यालेल्या माणसासारखं डुलत जातं. टाच आधी टेकवणं फार पुढची गोष्ट, त्याला कित्येक महिने लागतात. निलूचे हात मात्र शांतपणे बाजूला लोंबत होते. ती माझ्या काशिनाथअप्पांसारखी चालत होती.

काशिनाथअप्पा म्हणजे एस.टी.चे निवृत्त ड्रायव्हर, माझे पेशंट. पक्षाघातानंतर त्यांचा उजवा पाय घसटायचा. आम्ही त्यांच्या गुडघ्याखाली एक पट्टी बांधली होती. पाय उचलायची वेळ आली की ती नसेला बारीक करंट द्यायची आणि पाऊल वर यायचं. टाच नेमकी आधी टेकायची. "बाई, पाय माझा हाय, पण ड्रायव्हर दुसराच," असं अप्पा म्हणायचे.

चौदा माणसं टाळ्या वाजवत होती. मीही वाजवल्या.

निलूच्या पायांना ‘पाऊलसाथ’ बांधलं होतं ते ती चार महिन्यांची असल्यापासून. दोन्ही पोटऱ्यांना मऊ कापडी पट्ट्या आणि कमरेला एक रुंद पट्टा. स्नायू हलण्याआधी क्षणभर त्यात विजेचा सूक्ष्म तरंग उठतो. पट्टी तो टिपते. हजारो मुलांच्या अशा तरंगांशी ताडून ती सांगते की हे मूल कधी पालथं पडेल, कधी बसेल, कधी रांगेल. आजारी मुलं लवकर ओळखता यावीत म्हणून हे तंत्र निघालं, आणि त्या कामाला ते उत्तमच आहे. माझ्या हॉस्पिटलमध्ये त्यामुळे दोन बाळांचं निदान वर्षभर आधी झालं. म्हणूनच मी निलूला ते बांधायला हो म्हटलं. अर्जावर दोन रकाने होते, ‘नोंद’ आणि ‘साथ’. मी ‘नोंद’ समोर खूण केली होती.

पण आम्ही लातूरला राहतो. आमच्या शहरात मुलं आधी दहावीनंतर शर्यतीत उतरायची, मग आठवीपासून, मग पाचवीपासून. निलू जन्मली तेव्हा शर्यत पाळण्यापर्यंत आली होती. चौकातल्या फलकांवर डॉक्टर होणाऱ्या मुलांशेजारी लंगोटातली मुलं झळकू लागली: ‘पहिलं पाऊल, नऊ महिने बारा दिवस’. मन्मथ ज्या क्लासमध्ये रसायनशास्त्र शिकवायचा, त्यांनीच शिशुशाखा काढली होती. दीड वर्षाच्या मुलांना तिथे पाऊलसाथने दिलेला वाढांक, म्हणजे वाढीचे गुण, बघून घेत.

सोमवारी सकाळी निलूला न्हाऊ घालताना मी तिच्या पोटऱ्या नीट बघितल्या. गुडघ्याखाली, बाहेरच्या बाजूला, दोन गुलाबी वर्तुळं होती. नुसती नोंद करणारी पट्टी असे डाग उठवत नाही.

एक पट्टी मी पर्समध्ये टाकून हॉस्पिटलमध्ये नेली. जेवणाच्या सुट्टीत स्वतःच्या हाताला, कोपराखाली बांधली, हात टेबलावर ठेवला आणि मनगट उचलायचा नुसता विचार केल्यासारखं केलं. जेमतेम हललं असेल. मी थांबले. मनगट थांबलं नाही. आतून कुणीतरी दोरी ओढावी तसं ते सरळ वर गेलं. मुंग्या आल्यासारखं वाटलं, दुखलं अजिबात नाही. मी पुन्हा केलं. चौथ्या वेळेनंतर मी स्वतः किती जोर लावते आहे हेच मला सांगता येईना.

संध्याकाळी मी पट्ट्या न बांधता निलूला सोफ्याशी उभं केलं. सवयीने तिने हात सोडले. गुडघे मिटले, ती बुडावर आपटली आणि रडायच्या ऐवजी आपल्या पायांकडे बघत राहिली.

मन्मथ सातला आला. तो बूट काढत होता.

"साथ कधी चालू केलीस?"

त्याने वर बघितलं नाही. "सातव्या महिन्यात."

"मी नोंदीपुरती सही केली होती."

"एका पालकाची सही पुरते."

"मला विचारायचं होतंस."

"तू नाही म्हणाली असतीस."

"म्हणून विचारलं नाहीस."

"हो," तो म्हणाला. मग दुसरा बूट काढला. "गिरिजा, तू त्या अप्पांना हाच करंट देतेस. सत्तर वर्षांच्या माणसाला चालतो आणि आपल्या मुलीला विष?"

"अप्पा साठ वर्षं चालले होते. त्यांच्या डोक्यात रस्ता आहे, मधला पूल पडलाय. मी पूल बांधते. हिच्या डोक्यात अजून रस्ताच नाही. तो ती पडून पडून पाडणार होती."

"ऐकायला छान आहे. वर्गात सांगतो उद्या."

"मन्मथ, ती चालत नाहीये. तिला चालवतायत."

"चालतेय तर खरी." तो उठला. "तुला माहीत नाही मी रोज काय बघतो. एका मार्काने मागे पडलेल्या पोरांचे बाप माझ्यासमोर खुर्चीत बसून रडतात. दांडगे दांडगे बाप. मला त्या खुर्चीत बसायचं नाही."

एवढं मात्र तो मनापासून बोलला हे मला कळलं. आणि त्यानेच मी जास्त चिडले.

अव्वा स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. "लेकरू चालतंय तर तुझ्या पोटात का दुखतंय?" त्या म्हणाल्या. "लोकाच्या लेकरांना दोन वर्षं उचलून उचलून कमरा गेल्यात."

दुसऱ्या दिवशी मी पाऊलसाथच्या केंद्रात गेले. तिथल्या प्रमुख डॉक्टर, केतकी हुलसूरकर, माझ्याहून लहान होत्या. त्यांनी भिंतीवरच्या पडद्यावर निलूच्या वाढीची रेघ दाखवली. हिरवी, चढती, देखणी रेघ.

"एक्केचाळीस हजार मुलं वापरतायत," त्या म्हणाल्या. "तक्रार एकही नाही."

"त्यातल्या किती मुलांच्या पट्ट्या काढून बघितल्या?"

"काढायच्या कशाला? दोन वर्षांची होईपर्यंत आपण करंट हळूहळू कमी करत नेतो."

"आणि मग ती चालतात?"

"अभ्यास चालू आहे."

"डॉक्टर, मेंदू चुकीवरून शिकतो. आपण पाऊल टाकताना लहान मेंदू आधीच अंदाज बांधतो की पाय इथे पडेल. तो तिथे पडला नाही की फरक मोजतो आणि पुढच्या वेळी सुधारतो. तुमची पट्टी अर्धवट हालचाल पुरी करते. फरक उरतच नाही. मग मेंदूने शिकायचं कशावरून? मूल तासाला पंधरा-वीस वेळा पडतं, ते उगीच नाही."

त्यांनी पडदा बंद केला. मग खुर्ची पुढे ओढून हळू आवाजात म्हणाल्या, "तुम्ही याच क्षेत्रातल्या आहात म्हणून सांगते. बंद करायचं असेल तर करा. पण एकदम काढू नका. दीड-दोन महिने घ्या. एकदम काढलंत तर वाईट पडेल."

त्या बाईने मला त्या दिवशी सांगितलेली ही एकमेव उपयोगाची गोष्ट होती, आणि मी ती ऐकली नाही. तिच्या हिरव्या रेघेची मला शिसारी आली होती. घरी गेल्या गेल्या मी तिन्ही पट्टे काढले.

तिसऱ्या दिवशी निलू पडली. गॅलरीच्या उंबऱ्याशी ती दाराला धरून उभी होती. मी दोन हातांच्या अंतरावर होते. तिने दार सोडलं, पाऊल उचललं आणि ते हवेतच धरून ठेवलं, पुढचं कुणीतरी करेल म्हणून. मग ती लाकडाच्या ओंडक्यासारखी तोंडावर आली. हात मधे आलेच नाहीत. पडताना हात पुढे येणं ही उपजत गोष्ट आहे, पण तीही पडून पडूनच वेळेवर यायला लागते. निलू कधी पडलीच नव्हती. नवा दात खालच्या ओठातून आरपार गेला. हनुवटीला चार टाके पडले.

टाके घालताना दोन परिचारिकांनी तिला धरलं होतं. मन्मथ कॉरिडॉरमध्ये आला. शर्टावर तिचं रक्त नव्हतं, कारण तिला आणलं मी होतं.

"तू पाडलंस तिला," तो म्हणाला.

"हो."

त्याला हे उत्तर अपेक्षित नव्हतं. मलाही नव्हतं.

"तुला केंद्रात सांगितलं होतं. मी फोन करून विचारलं त्यांना. एकदम काढू नका म्हणाले होते."

"म्हणाल्या होत्या."

"मग?"

मी त्याला खरं ते सांगू शकले नाही, की मी तुझ्यावर चिडले होते आणि तू हाताशी नव्हतास. मी म्हणाले, "साथ तू चोरून लावलीस म्हणून हे झालं." तेही खरंच होतं. त्या कॉरिडॉरमध्ये आम्ही दोघांनी एकमेकांना फक्त खरं सांगितलं, आणि दोघांनीही निम्मंच.

त्यानंतरचा महिना मला आठवायला आवडत नाही. सकाळी तो निलूला पट्ट्या बांधायचा. तो क्लासला गेला की मी काढायची. दुपारी अव्वा बांधायच्या. मी परत आले की पुन्हा काढायची. कोणी ओरडत नव्हतं. आम्ही वेलक्रो ओढायचो तेवढाच आवाज. आठ-दहा दिवसांनी माझ्या लक्षात आलं की आमच्यापैकी कुणीही जवळ गेलं की निलू आपणहून पाय पुढे करते. हात नाही, पाय. घेण्यासाठी वाकलं तरी पाय.

एका दुपारी अव्वा आणि मी शेंगा फोडत बसलो होतो. निलू झोपली होती. अव्वा मधेच म्हणाल्या, "मन्मथ अठरा महिन्यांचा होस्तोवर चालला नव्हता."

मी हात थांबवला.

"बुडावर घसटत फिरायचा घरभर. चड्ड्या फाटायच्या. जाऊबाई पांगळा म्हणायच्या त्याला, माझ्या तोंडावर. ह्यांनी तर नाव टाकलं होतं." त्यांनी एक शेंग फोडली, दाणा किडका निघाला, टाकून दिला. "मग एक दिवस उठला नि चालला. मी कुणाला सांगितलं नाही कधी. तू पण बोलू नको."

मी बोलणार नाही म्हटलं. आठवड्याने बोलले.

रविवारची सकाळ होती. मन्मथ निलूच्या कमरेचा पट्टा आवळत होता आणि म्हणत होता, "अकरा महिने झाले. क्लासमधल्या लोकांना काय सांगू? शिशुशाखेत प्रत्येकाची रेघ दिसते सगळ्यांना. आपली लाल झालीय." अव्वांसमोर मी त्याला अहो म्हणते. त्या दिवशी विसरले.

"तू स्वतः अठराव्या महिन्यात चाललास," मी म्हणाले. "बुडावर घसटत होतास. तुला पांगळा म्हणत होते. काय बिघडलं तुझं? एम.एस्सी. झालास ना?"

तो अव्वांकडे वळला. अव्वा देवापुढचं ताट पुसत होत्या.

"अव्वा?"

"खोटं हाय," अव्वा म्हणाल्या. ताटावरून नजर न उचलता. "दहाव्या महिन्यात चाललास तू. सगळ्या गल्लीने बघितलंय."

मन्मथ माझ्याकडे बघत राहिला. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता, किळस होती. "तू माझ्या आईच्या तोंडी घालायला गोष्टी रचतेस," तो म्हणाला.

मी अव्वांकडे बघितलं. त्यांनी ताट पालथं घातलं आणि आत गेल्या. त्यांना मी आजही माफ केलेलं नाही. स्वतःलाही नाही, कारण शब्द मी मोडला होता आणि तो निलूसाठी मोडला असं म्हणणं सोपं आहे. मला त्याला दुखवायचं होतं.

संध्याकाळी मी निलूला घेऊन हॉस्पिटलच्या दोन खोल्यांच्या क्वार्टरमध्ये राहायला गेले. येताना पट्ट्याही घेऊन आले, त्याच्या हाती राहू नयेत म्हणून.

मन्मथच्या अर्जावरून कोर्टाची नोटीस पंधरा दिवसांत आली. मुलीच्या विकासात हेतुपुरस्सर अडथळा, असे शब्द होते. कोर्टातल्या समुपदेशक बाईंसमोर आम्ही दोन खुर्च्यांवर बसलो. मन्मथने निलूची रेघ कागदावर छापून आणली होती. उंबऱ्याशी झालेल्या अपघाताच्या जागी ती कड्यावरून कोसळावी तशी खाली आली होती.

मी म्हणाले, "कुठल्याही बालरोगतज्ज्ञाला विचारा. अठरा महिन्यांपर्यंत वाट बघतात."

"ते जुने आकडे," मन्मथ म्हणाला. "आता सरासरी साडेदहा आहे."

"कारण निम्म्या मुलांना तुम्ही करंट देताय."

समुपदेशक बाईंनी हात वर केला. त्यांच्या स्वतःच्या नातवाला पट्टी असावी असा मला संशय आला, पण तो माझा त्या दिवसांतला स्वभाव असेल. शेवटी मधला तोडगा निघाला. निलू माझ्याकडे राहील. मन्मथ दर रविवारी भेटेल, बाहेर, बागेत. सोळा महिने पुरे होईपर्यंत ती आपली आपण चालली नाही, तर पट्ट्या पुन्हा बांधायच्या आणि मी काढायच्या नाहीत. मी सही केली. या वेळी प्रत्येक ओळ वाचून.

क्वार्टरच्या बाहेरच्या खोलीत मी सतरंज्या आणि गाद्या अंथरल्या, खुर्च्या बाहेर काढल्या. पहिले तीन आठवडे निलू रांगलीसुद्धा नाही. ती बसायची, एक पाय उचलायची आणि वाट बघायची. पाय हवेत थरथरायचा. मग ती माझ्याकडे बघायची, नळाला पाणी न आल्यासारखं.

मी तिला आधी पडायला शिकवलं. लोडावर पालथी घालायची, घोटे धरायचे आणि लोड पुढे लोटायचा, तिचे तळहात गादीला टेकेपर्यंत. दिवसातून वीस वेळा. पंचवीस वेळा. ती रडायची. सुरुवातीला कपाळ टेकायचं, मग कोपरं, मग एकदा हात. ओपीडीत हे मी इतरांच्या मुलांना हसत हसत करून देते. स्वतःच्या मुलीला करताना माझे दात आवळलेले असायचे.

बाराव्या महिन्यात ती रांगली. तेराव्यात बाजेला धरून उभी राहिली. चौदाव्यात बाजेच्या कडेकडेने बाजूला सरकू लागली, खेकड्यासारखी. आणि तिथेच थांबली. पंधरावा महिना सरला, सोळावाही अर्धा झाला. ती हात सोडेना.

काशिनाथअप्पा व्यायामाला आले की विचारायचे, "नात चालली का?" मग त्यांनी विचारणं बंद केलं.

एका दुपारी मी तिच्यासमोर हातभर अंतरावर बसले होते. तिला हाक मारून मारून घसा कोरडा पडला होता. ती बाजेला धरून गुडघ्यांत वाकायची, उठायची, वाकायची. मी ओरडले. "टाक ना पाऊल. टाक ना." तिचा खालचा ओठ, त्यावर अजून ती व्रणाची रेघ आहे, थरथरायला लागला. ती रडली नाही. ती मला समजून घेत असल्यासारखी बघत होती, आणि ते मला सहन झालं नाही.

मी कपाटातल्या पट्ट्या काढल्या आणि चार्जिंगला लावल्या.

मी स्वतःला सांगितलं की कमीत कमी करंटवर ठेवेन. केंद्रातल्या बाईंनी सांगितलं होतं तसं, हळूहळू. मी तज्ज्ञ आहे, मला प्रमाण कळतं. सोळा महिने व्हायला तेव्हा बारा दिवस उरले होते. नंतर काढून टाकता येतील, कोर्टाला एकदा दाखवलं की झालं. अर्ध्या तासाने हिरवा दिवा लागला. मी पट्टी घेऊन तिच्याजवळ बसले. निलूने बाजेची कड सोडली नाही. फक्त उजवा पाय उचलून माझ्यापुढे धरला.

तिला कसं आठवत होतं कोण जाणे. चार महिने झाले होते.

मन्मथ त्या रविवारी सकाळी पट्टा आवळताना कसा दिसत होता ते मला तेव्हा आठवलं. खांदे वाकलेले, ओठ घट्ट, घाईघाईत. तोही स्वतःला असंच काहीतरी सांगत असणार. मी तिचा पाय खाली ठेवला. प्लास्टर कापायची मोठी कात्री क्वार्टरमध्येच होती. तिन्ही पट्ट्यांचे तुकडे व्हायला वेळ लागला, आतली जाळी चिवट होती. निलू तोंड उघडं टाकून बघत राहिली.

पुढचं थोडक्यात सांगते. आमचा घटस्फोट वर्षाने झाला. निलूमुळे नाही झाला, असं आम्ही दोघंही लोकांना सांगतो. शिशुशाखेत तिला घेतलं नाही. पाऊलसाथचं पुढे काय काय झालं, किती मुलं अडखळली, ते सगळं छापून आलेलं आहे. केतकी हुलसूरकरांनी नोकरी सोडून स्वतः साक्ष दिली, हेही. त्यात मला आनंद वाटला नाही. एक्केचाळीस हजार घरांत माझ्यासारख्या आणि मन्मथसारख्या जोड्या असणार.

पण मला सांगायचाय तो पट्ट्या कापल्यानंतरचा भेटीचा रविवार. मुदत संपायला आठ दिवस होते.

बागेत सिमेंटचा एक लांब बाक होता. त्याच्या एका टोकाला मन्मथ बसायचा, दुसऱ्या टोकाला मी. मधे निलू बाकाला धरून इकडून तिकडे सरकायची, तराजूच्या काट्यासारखी. तो तिच्यासाठी केळं आणायचा, मी सालं गोळा करायची. त्या दिवशी त्याने विचारलं, "पुढच्या सोमवारी केंद्रात किती वाजता येतेस?"

"पट्ट्या नाहीत. कापल्या."

"नव्या मिळतात."

"मिळू देत. मी येणार नाही. काय करायचं ते कर."

"करीनच," तो म्हणाला.

बाकापासून चार-पाच हातांवर एका बाईने शेळी बांधली होती. शेळी बाभळीची शेंग खात होती. निलू बाकाच्या मधोमध पाठ लावून उभी होती. आम्ही एकमेकांकडे बघत होतो, म्हणून तिने बाक कधी सोडला ते दोघांनाही दिसलं नाही. दिसलं तेव्हा ती दोन पावलं गेली होती. हात खांद्यांच्या वर, पोट पुढे, पाय फाकलेले. तळवे मातीत फट्फट् आपटत होते. इतकी बेढब चाल मी कधी बघितली नव्हती. चौथ्या पावलाला ती पडली.

आम्ही दोघंही उठलो.

तिचे हात आधी टेकले. तळव्यांना खडे लागले. तिने ते वळवून बघितले, एक खडा तोंडात घालून थुंकला, मग बूड वर करून, हातांवर जोर देऊन उभी राहिली. तिला वेळ लागला. मन्मथचा हात पुढे गेला होता. मी तो धरला नाही. तो आपणच थांबला.

मी दोन पावलं पुढे होऊन तिच्यापुढे बोट धरलं. निलूने ते बाजूला सारलं.

"नको," ती म्हणाली. स्पष्ट, रागाने. शेळीकडे बघत.

मी परत येऊन बसले. मन्मथही बसला, होता तिथेच, आपल्या टोकाला. त्याचा चेहरा ओला झाला होता आणि तो पुसत नव्हता. मला त्याची दया आली नाही. पण उठून जावंसंही वाटलं नाही.

निलू पुन्हा पडली. या वेळी आमच्यापैकी कुणीच उठलं नाही.